पारव्यांचा उपद्रव, शेजाऱ्याचा हक्क आणि आपली दया



गेल्या पावसाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर एका वयस्क गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, "इमामसाहेब, कबुतरांना विष घातले तर गुनाह होतो का?" मी चपापलो. पण त्यांची हकीकत ऐकल्यावर रागावणे कठीण झाले. त्यांच्या पत्नीला दमा आहे. लोणावळ्यातील ज्या इमारतीत ते राहतात, तिथे शेजारचा फ्लॅट मुंबईच्या मालकांचा असून वर्षातून जेमतेम चार-सहा दिवस उघडतो. त्या बंद फ्लॅटच्या गॅलरीत पारव्यांची वसाहत झाली आहे. विष्ठेचा थर वाळतो, वारा सुटला की त्याची धूळ या घरात येते आणि ती माउली रात्र बसून काढते.

त्याच आठवड्यात एका भगिनीने विचारले, "मी रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकते, सदका म्हणून. सोसायटीने मनाई केली आहे. नेकीपासून रोखणाऱ्यांचे ऐकावे का?" एकाच पक्ष्याविषयीचे हे दोन प्रश्न. एकाला मारायचे आहे, दुसरीला पोसायचे आहे, आणि दोघांनाही शरीअत आपल्या बाजूची असावी असे वाटते.

प्रथम पक्ष्याविषयी. पारवा हा मूळचा कड्याकपारींतला पक्षी. लोहगड-विसापूरच्या कातळांत, जुन्या विहिरींच्या कोनाड्यांत तो आपल्या कितीतरी आधीपासून आहे. आपण मावळात उंच इमारती बांधल्या, त्यांना सज्जे आणि डक्ट ठेवले, ते त्याला कडेच वाटले. आपण सेकंड होम घेऊन कुलूप लावले, त्याला निर्धोक कपार मिळाली. वर आयते दाणे मिळाले, मग तो वर्षभर अंडी घालू लागला. त्याला आक्रमक म्हणताना एवढे ध्यानात असावे की आमंत्रण आपणच दिले होते.

आता दाणे टाकण्याचा प्रश्न. 2025 च्या जुलैमध्ये मुंबईतील 51 कबुतरखान्यांचा विषय विधान परिषदेत निघाला. महापालिकेने कारवाई सुरू केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने मनाई मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदविण्यास सांगितले. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरील ताडपत्री जमावाने फाडली. त्यात जैन बांधवांच्या श्रद्धेचा भाग मोठा होता, म्हणून आपल्यापैकी काहींनी तो वाद तमाशा पाहावा तसा पाहिला. तसे करू नये. कबूतर 'सय्यद' आहे, त्याला हुसकावले तर बरकत जाते, असे मानणारी घरे आपल्यातही आहेत. सौर गुहेच्या तोंडाशी कबुतराने अंडी घातल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो; पण त्या रिवायतीची सनद हदीसवेत्त्यांनी कमकुवत ठरविली आहे. दिव्य कुरआनच्या सूरह तौबामध्ये गुहेचा उल्लेख आहे, कबुतराचा नाही.

मात्र पाखराला खाऊ घालणे ही नेकी आहे, यात शंका नाही. मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने किंवा पक्ष्याने खाल्ले तरी तो त्याच्यासाठी सदका ठरतो, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. परंतु सदका आपल्या मालातून द्यायचा असतो. ज्वारी भगिनीची होती. श्वास मात्र खालच्या मजल्यावरील आजारी स्त्रीचा खर्च होत होता. सवाब एकाच्या नावे आणि खोकला दुसऱ्याच्या, असा सदका कसा असेल? शेजाऱ्याविषयी हजरत जिब्रील (अलै.) इतक्या वेळा ताकीद करीत राहिले की, तो वारसदारच ठरविला जाईल असे प्रेषितांना वाटले. आपले फुकहाही याबाबत भाबडे नव्हते. सतराव्या शतकातील 'दुर्रे मुख्तार' या हनफी ग्रंथात कबुतरबाजाविषयी स्पष्ट हुकूम आहे: जो छपरावर चढून कबुतरे उडवितो, त्या निमित्ताने लोकांच्या घरांत डोकावतो आणि दगड भिरकावून त्यांच्या काचा फोडतो, त्याला शिक्षा करावी, सक्तीने रोखावे. पक्ष्याचा शौक शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचला की तो खासगी राहत नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हनफी मतानुसार कबुतराची विष्ठा नापाक नाही. 'हिदाया'त त्याचे कारण असे दिले आहे की मस्जिदींमध्ये कबुतरे राहू देण्यावर मुस्लिमांचे एकमत होत आले आहे. शाफई मत वेगळे आहे, हे कोकणातून इकडे आलेल्या कुटुंबांना ठाऊक असेलच. पण पाक असणे आणि निरुपद्रवी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ती कपड्याला लागली तर नमाज होईल. तिची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर काहींची फुप्फुसे कायमची आखडतात. पहिले फिकहच्या ग्रंथात पाहावे, दुसरे डॉक्टरांना विचारावे.

मग विष का नाही? हजच्या इहराममध्येही ज्यांना मारण्याची मुभा आहे अशा पाच उपद्रवी प्राण्यांत कावळा, घार, उंदीर, विंचू आणि चावरा कुत्रा येतात; कबूतर येत नाही. उलट हरमच्या हद्दीत त्याला मारले तर दंड भरावा लागतो. लोणावळा हे हरम नव्हे, हे मी जाणतो. तरीही चिमणीएवढा जीव नाहक मारणाऱ्याला अल्लाह जाब विचारील, अशी हदीस नसाईत आहे, आणि तिथेच जिवाचा हक्क म्हणजे काय तेही सांगितले आहे: जिबह करून खाणे, मारून फेकून देणे नव्हे. विषाने तडफडलेले पाखरू ना खाण्याचे, ना सोडण्याचे.

देशाचा कायदाही इथे शरीअतजवळच उभा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मनुष्य सोडून प्रत्येक सजीव 'प्राणी' आहे, आणि त्याला जाणूनबुजून, विनाकारण अपायकारक पदार्थ देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड त्यात 10 ते 50 रुपये लिहिला आहे! पन्नास रुपयांत सुटका होईल असा हिशेब करणाऱ्याने दुसऱ्या हिशेबाची आठवण ठेवावी. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटे मोडणे ही 'शिकार'च ठरते. म्हणून कपारीत हात घालण्यापूर्वी तिथे अंडी किंवा घरटे आहे का, हे तरी पाहावे.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. पण एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती इथे सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाड्याच्या खोलीमागील डक्टला मी जाळी बसवून घेतली. कारागिराने विचारले, "आत बघायचं का?" अस्रची वेळ होत आली होती. मी म्हणालो, "लावून टाका." दुसऱ्या दिवशी एक पारवी जाळीवर धडका देत होती. मला वाटले, सवय मोडेल. तिसऱ्या दिवशी फजरला आतून बारीक आवाज आला. जाळी कापली. आत दोन पिल्ले होती, त्यातले एक मेलेले. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला खाऊ न घालणाऱ्या आणि मोकळेही न सोडणाऱ्या स्त्रीची हदीस मी मिंबरवरून किती वेळा सांगितली असेन! अबू दाऊदमध्ये हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांची रिवायत आहे: सहाबांनी एका पाखराची पिल्ले उचलली, ते पंख पसरून घिरट्या घालू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला कोणी दुःख दिले असे विचारून पिल्ले परत करण्यास सांगितले. परत करायला माझ्याजवळ एकच उरले होते. मी तौबा केली. ती कबूल झाली की नाही, ते अल्लाह जाणे.

फिकहमध्ये एक कायदा आहे: नुकसान दूर केले जाईल. त्याच्याच सोबतीचा दुसरा कायदा असा की, एक नुकसान तशाच दुसऱ्या नुकसानीने दूर केले जाणार नाही. पहिला कायदा त्या आजारी स्त्रीचा आहे. तिला कुणी 'सबर करा' म्हणून गप्प बसवू नये. दुसरा पारव्याचा आहे. दोन्ही पाळायला लागते थोडी सवड. पारवी बहुधा दोनच अंडी घालते. सुमारे अठरा दिवसांत ती फुटतात आणि त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात पिल्ले उडतात. म्हणजे दोन महिन्यांच्या आत घरटे रिकामे होते. तेवढ्यात त्या घरात खिडकीला ओला पडदा लावता येतो, आजारी माणसाची खोली बदलता येते. मग विष्ठा पाण्याने भिजवून, तोंडाला मास्क लावून काढावी, कोरडी झाडू नये. आणि पुढची अंडी पडण्यापूर्वी जाळी लावावी, पाहून लावावी.

आणि ज्यांचे फ्लॅट कुलूपबंद आहेत, त्यांच्याविषयी काय? मला तर या साऱ्यात विष मागणाऱ्यापेक्षा आणि दाणे टाकणाऱ्या भगिनीपेक्षाही तेच अधिक जबाबदार वाटतात. त्यात आपलेही लोक आहेत. मुंब्र्याहून, पुण्याहून चार दिवस हवापालटासाठी येणारे. मालमत्ता अल्लाहने दिली, तिच्याबरोबर तिचा शेजारही दिला.

त्या गृहस्थांनी शेजारच्या मालकांचा नंबर सोसायटीकडून मिळविला आणि फोन मी केला. गॅलरीत काय चालले आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी किल्ली कुरिअरने पाठविली. आम्ही दार उघडले तेव्हा चार घरटी होती. तीन रिकामी, एकात अंडी. तीन आम्ही साफ केली. चौथ्यासाठी गृहस्थांनी कॅलेंडरवर खूण केली आणि किल्ली आपल्या खुंटीला अडकविली. भगिनीने ज्वारी थांबविली आहे. तेच पैसे ती आता त्या घरच्या औषधांसाठी देते, आणि कुणाला सांगू नका म्हणते, म्हणून तिचे गाव मी इथे लिहीत नाही.