खडीवरचे प्लास्टिक

डांबरी रस्ता वाहनांनी झिजतो, पण उखडतो तो पाण्याने. दगडाला डांबरापेक्षा पाणी अधिक जवळचे. पावसाळ्यात खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरले की डांबराची पकड सुटते, खडी मोकळी होते आणि चाकांखाली खड्डा पडतो. टाकाऊ प्लास्टिक रस्त्यात वापरण्याची जी पद्धत भारतात रुजली, ती नेमकी याच सांध्यावर काम करते. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी या शतकाच्या सुरुवातीला ती विकसित केली. चेन्नईतील जांबुलिंगम स्ट्रीट हा २००२ मध्ये झालेला रस्ता तिच्या पहिल्या उदाहरणांपैकी एक. वासुदेवन यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

पद्धत दिसायला साधी आहे. हॉटमिक्स प्लांटमध्ये खडी साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्या तापल्या खडीवर प्लास्टिकचा बारीक चुरा सोडला की काही क्षणांत तो वितळून प्रत्येक खड्याभोवती पातळ थर धरतो. कोरडी, धुरकट खडी एकाएकी तेल चोपडल्यासारखी चकाकू लागते. मग त्यावर डांबर पडते. खडीची छिद्रे प्लास्टिकने आधीच बुजलेली असतात, त्यामुळे पाण्याला आत शिरायला वाट राहत नाही. डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक पुरते आणि तेवढे डांबर वाचते. प्लास्टिक थेट डांबरात घोळवण्याचीही रीत आहे. पण दोन्ही पदार्थ लवकर वेगळे होतात आणि त्यांना एकत्र राखायला वेगळी यंत्रसामग्री लागते. आधी खडीवर थर देण्याची कोरडी पद्धत मात्र तालुक्याच्या गावच्या कंत्राटदाराकडे असलेल्या प्लांटवरही चालते.

अडचण आहे ती प्लांटवर पोचण्याआधी. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये या कामासाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार पीव्हीसी वर्ज्य आहे, कारण तापल्यावर त्यातून घातक वायू सुटतात. काळे प्लास्टिकही नको, कारण ते आधीच अनेकदा वितळवलेले असते. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक २५० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे या खडीवर ते पसरणारच नाही. म्हणून सगळी मदार निवडीवर. ती करणाऱ्या कचरावेचक बायकांना रसायनशास्त्राची नावे लागत नाहीत. दुधाची पिशवी मऊ असते आणि ताणली की लांबते. बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन बोटांत कुरकुरते आणि सरळ फाटते. वेफर्सची पिशवी आतून चांदीसारखी चमकते. हात फिरतो आणि ढीग वेगळे होत जातात.

या ढिगांना बाजारात सारखी किंमत नाही, आणि इथेच बहुतेक योजना फसतात. बाटली, बादली, दुधाची पिशवी भंगारवाला आनंदाने घेतो. त्यांचा दाणा होतो आणि दाण्यापासून नवी वस्तू. ते रस्त्यात घालणे म्हणजे चांगला माल डांबरात गाडणे. भंगारवाला ज्याला हात लावत नाही ती पातळ, मळकी कॅरीबॅग आणि साधी वेष्टने, हा रस्त्याचा खरा कच्चा माल. मात्र तो हलका असतो. पोतेभर गोळा केला तरी किलोंत फार भरत नाही, शिवाय धुऊन वाळवावा लागतो. ओला चुरा तापल्या खडीवर चालत नाही.

रस्ता किती प्लास्टिक पोटात घेतो, याचाही हिशेब मांडलेला बरा. एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला साधारण एक टन, असा ठोकताळा आहे. ज्या शहरात रोज पाच टन प्लास्टिक कचरा निघतो, त्याने तो सगळा रस्त्यात घालायचा म्हटले तर रोज पाच किलोमीटर रस्ता करावा लागेल. अशी नगरपालिका अस्तित्वात नाही. केंद्राने २०१५ मध्ये मोठ्या शहरांच्या परिसरातील डांबरी महामार्गांसाठी टाकाऊ प्लास्टिकचा आग्रह धरला, तरी हे गणित बदलत नाही. मुंबईत तर ते उलटेच फिरते: महापालिकेने शहरातील रस्त्यांचे सिमेंट काँक्रिटीकरण हाती घेतले आहे, आणि काँक्रीटच्या रस्त्यात ही पद्धत लागू पडत नाही. म्हणजे प्लास्टिक जिथे सर्वाधिक, तिथेच डांबर आटत चालले आहे.

डांबर नसेल तिथे पेव्हर ब्लॉक, बागेतले बाक, रस्त्याकडेचे खांब या वस्तू उरतात. त्यांत मिश्र प्लास्टिक खपते, पण उन्हाने रंग उडतो, कडा फुगतात, आणि आग लागली तर बाक पेटतो. बागेत चालेल असा ब्लॉक ट्रक वळणाऱ्या चौकात चालत नाही.

मागणीचा विचार न करता माल जमवला की काय होते, हे ऑस्ट्रेलियाने दाखवले. मेलबर्नच्या उत्तरेकडील ह्यूम सिटी कौन्सिलने २०१८ मध्ये क्रेगीबर्न येथे एक रस्ता केला. त्यात सुमारे दोन लाख पिशव्या आणि वेष्टनांइतके मऊ प्लास्टिक, काचेचा चुरा आणि प्रिंटरची उरलेली शाई गेली. प्रयोग गाजला. पण सुपरमार्केटांतून असेच प्लास्टिक गोळा करणारी रेडसायकल ही योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबली, तेव्हा लोकांनी निगुतीने आणून दिलेले हजारो टन प्लास्टिक गोदामांत पडून असल्याचे उघड झाले. पिशव्या टाकणारे भरपूर होते, घेणारे नव्हते.

केरळने उलट्या टोकापासून सुरुवात केली. तिथे हरितकर्म सेनेच्या महिला घरोघर जाऊन दरमहा शुल्कावर कोरडे, स्वच्छ प्लास्टिक घेतात, आणि क्लीन केरला कंपनी त्यातल्या नाकारलेल्या मालाचा चुरा रस्त्यांसाठी पुरवते. पुण्यातही कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते. निवडीचे कसब इथे आयतेच आहे. कमी पडते ते दरसूचीत. प्लास्टिक वापरा, एवढे वाक्य निविदेत घालून भागत नाही; कंत्राटदार मग जवळच्या भंगारवाल्याकडून चांगला दाणाच उचलतो आणि वेष्टने कचरा डेपोवर जातात. नगरपालिकांनी निवडलेल्या, धुतलेल्या, भंगारात न खपणाऱ्या मालाच्या चुऱ्याला किलोमागे स्वतंत्र दर ठरवावा, आणि तो कंत्राटदाराच्या देयकात न मिसळता निवड करणाऱ्या गटाला थेट द्यावा. कोणत्या रस्त्याच्या कोणत्या थरात किती चुरा गेला, याची नोंदही हवी. दहा वर्षांनी तो रस्ता खरवडून पुन्हा तापवायची वेळ येईल, तेव्हा प्लांटवरच्या माणसाला ती लागेल.