मळ जातो कुठे?

बालाघाटाच्या माळांवर हिंगणाची काटेरी झाडं वाढतात. त्याच्या फळाचा गर पाण्यात घुसळला की रिठ्यासारखा फेस येतो. धारूरला घरी साबण करताना मी निंबोळीचं नाहीतर करंजाचं तेल घेतो. पण तेलाचा साबण व्हायला खार लागतो. चुलीच्या राखेच्या पाण्याने साबण मऊच राहतो. घट्ट वडी हवी तर दुकानातला कॉस्टिक सोडा आणावा लागतो. 'निव्वळ नैसर्गिक' हा दावा तिथेच संपतो.

त्याचं मला दुःख नाही. प्रश्न वेगळा आहे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे आपण कशावरून धरतो? हिंगणाच्या फळातलं जे सॅपोनिन फेस आणतं, तेच गोगलगायी आणि मासे मारतं.

शिवाय साबण कुठलाही असो, मळ नाहीसा होत नाही, जागा बदलतो. अंगावरून मोरीत, मोरीतून ओढ्यात, ओढ्यातून खालच्या पाणवठ्यावर. आपल्याकडे वरचा पाणवठा कोणाचा आणि खालचा कोणाचा, हे जात ठरवत आली. ज्यांच्या वाट्याला वरच्यांचं धुणं आलं, अस्वच्छ म्हणून हिणवलं गेलं त्यांनाच.

म्हणून साबण कशाचा, हे मी दुसऱ्यांदा विचारतो. धुतलेलं पाणी कुठे सोडलं, हे पहिल्यांदा. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात हा प्रश्न साधा नाही. खालच्या माणसाच्या घागरीत उतरणार असेल, तर माझ्या स्वच्छतेला मी स्वच्छता म्हणू शकत नाही.