इथले इथेच

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही कुटुंबे आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथे रानवाटा पाहायला गेलो होतो. डिंभे धरणाच्या जलाशयाला वळसा घालून रस्ता सह्याद्रीच्या कड्यापाशी पोहोचतो. वाट दाखवायला गावातील एक महादेव कोळी आजोबा सोबत आले.

देवराईत शिरताच ऊन नाहीसे झाले. उंच झाडांवर जाडजूड वेली चढल्या होत्या. आजोबांनी बोट दाखवले तेव्हा फांदीवर शेकरू दिसले. या आपल्या राज्यप्राण्याच्या रक्षणासाठीच १९८५ साली या परिसरात भीमाशंकर अभयारण्य झाले. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडावरून झाडावर झेप घेते. मधले झाड तुटले की त्याची वाटच तुटते.

एवढ्यात एका मुलीने खाली पडलेला हिरडा खिशात टाकला. आजोबा हळूच म्हणाले, "बाळा, इथलं इथंच राहू दे. भाईर माझ्या झाडाचं देतो तुला."

मुलीने हिरडा परत ठेवला. मग आम्ही मोठ्यांनीही खिसे चाचपले. कोणाकडे बी होते, कोणाकडे पीस.

परतताना चर्चा रंगली. पडलेले एक फळ उचलल्याने काय बिघडते? हा देवाच्या कोपाचा धाक नव्हे काय? आणि धाकाने पाळलेल्या नियमाला चांगुलपणा म्हणावे का?

आजोबांच्या मनातले आम्हाला ठाऊक नाही. पण हिरडा ही तिथल्या लोकांची कमाई आहे. बाळहिरडा गोळा करून, वाळवून ते औषधांसाठी विकतात. ज्याला गरज आहे, तो देवराईतल्या हिरड्याला हात लावत नाही आणि वर आपल्या झाडाचे देऊ करतो. ज्यांना गरज नाही, ते आम्ही खिसे भरत होतो. नुसत्या धाकाने माणूस हात आवरेल. आपल्यातले देणार नाही.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवराया पाहिल्या आणि मूळ जंगलाचे अवशेष तिथे टिकल्याचे जगापुढे मांडले. ते टिकले, कारण पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येकाने "एकाने काय होते?" असे म्हणण्याचे टाळले.

सारी सृष्टी परमेश्वराची आहे, असे आपण मानतो. मग कोणी पाहत नसतानाही हात आवरायचा, असे एखादे झाड, एखादी विहीर, एखादा बांध आपल्या वाडीत आहे का? नसल्यास, या रविवारी घरी जाताना तो शोधू या.