उजवा कौल

लालबाग-परळच्या चाळींत कोकणातली माणसं फार. घरात मोठा निर्णय आला की गावच्या देवळात कौल लावायचा, ही त्यांची जुनी रीत. देवाच्या अंगाला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर थांबायचं. आज अशाच एखाद्या घरात मुलीला लंडनहून एलएलएमच्या प्रवेशाचं पत्र येतं, कर्जाचे कागद पसरले जातात आणि प्रश्न तोच उरतो. कौल घ्यायचा कुणाचा? देवाचा, थोरामोठ्यांचा की स्वतःच्या मनाचा?

मनुस्मृतीत याला उत्तर आहे. वेद, स्मृती, सज्जनांचा आचार आणि सर्वांत शेवटी आत्मतुष्टी, म्हणजे आपल्या मनाचं समाधान, ही धर्माची प्रमाणं. ऐकायला किती मोकळं! पण मेधातिथीने टीका लिहिताना दार ओढून घेतलं: हे मन वेद जाणणाऱ्या सज्जनाचंच हवं. बाकीच्यांच्या मनाची साक्ष कोण धरतो?

अशाच एका साक्ष न धरल्या जाणाऱ्या घरातला मुलगा परळला एका खोलीत शिकत होता. चूल तिथेच, जातं तिथेच, कोपऱ्यात बकरी बांधलेली. वडील रामजी त्याला रात्री दोनला उठवत आणि मुलगा घासलेटच्या दिव्यापाशी पुस्तक उघडून बसे. संध्याकाळी तो चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथे त्याला कृष्णराव अर्जुन केळूसकर भेटले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं.

बुद्धाचं या बाबतीतलं म्हणणं मनूपेक्षा कडक आहे. केसपुत्तच्या कालामांना तो सांगतो, की ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून नको आणि आपल्या मताशी जुळतं म्हणूनही नको. त्यातून कुणाचं अहित होतं, कुणाचं हित, ते स्वतः पारखा. आतल्या आवाजाचे गोडवे गाणारे नेमकं हे चौथं कलम विसरतात.

याच भीमरावाने, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी, १९२० मध्ये सिडनहॅम कॉलेजातली ४५० रुपयांची प्राध्यापकी सोडली आणि अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडन गाठलं. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज एवढीच शिदोरी. मागे परळच्या बीआयटी चाळीत रमाबाई संसार ओढत होत्या. धोका साहेबांनी पत्करला असं आपण म्हणतो खरं, पण त्याचा हप्ता घरातली बाई भरत होती. ग्रेज इनमधून ते १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. सॉलिसिटरांकडून कामं येईनात. त्या ओढगस्तीत जिल्हा न्यायाधीशाची जागा देऊ केली गेली, तीही त्यांनी नाकारली. ही हकिगत त्यांनीच पुढे सांगितली आहे.

याला मनाचा कौल म्हणावं का? म्हणावं, पण तो जुगार नव्हे. महाडला ते दिसलं. २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्यांना बंद असलेल्या तिथल्या चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. हजारो माणसं तळ्यावर जायला उतावीळ. तरी या बॅरिस्टराने सत्याग्रह तहकूब करायला लावला आणि तळ्याचा प्रश्न कोर्टातच लढवला. त्या दिवशी जमावाचा कौल एकीकडे पडला होता आणि त्यांचा दुसरीकडे. पाय मागे घेण्यातही छाती लागते.

दावा नऊ वर्षांहून अधिक चालला. अस्पृश्यांना तळं वर्ज्य आहे ही रूढी अनादी असल्याचं वादींचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला: अशी रूढी सिद्ध झालेली नाही.