दोघांचे एक कोडे

पतिपत्नीचे ऐक्य कशाने दृढ होते? एकमेकांच्या मुखाकडे पाहत राहिल्याने, की दोघांनी मिळून एखाद्या तिसऱ्याच गोष्टीकडे पाहिल्याने?

वाचकांनी अंगणात पाच खडे असे मांडावेत की कोणतेही तीन एका ओळीत येणार नाहीत. त्यांतून चार खडे नेहमी असे निवडता येतात की, ते रेघांनी जोडले असता होणाऱ्या चौकोनाचा एकही कोपरा आत दबलेला नसतो. ही गोष्ट बुडापेस्ट शहरी एस्थर क्लाइन नामक यहूदी तरुणीने आपल्या मित्रांपुढे मांडिली. मग पंचकोनास किती खडे लागतील, षट्कोनास किती? जॉर्ज सेकेरेश व पॉल एर्डेश ह्या विचारात गढून गेले. त्या दोघांचा निबंध १९३५ साली छापला, आणि १९३७ साली एस्थर व जॉर्ज यांचा विवाह झाला. एर्डेशने त्या कोड्यास ‘सुखान्त’ कोडे असे नावच दिले! पुढे ते दांपत्य परागंदा होऊन शांघायला व १९४८ साली ऑस्ट्रेलियात गेले. २८ ऑगस्ट २००५ रोजी दोघांनी तासाभराच्या अंतराने देह ठेविला. कोड्याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही.

आम्हांस विशेष वाटते ते हे की, मूळ प्रश्न तिचा होता, आणि त्याने तो आपला मानिला. शास्त्रात स्त्रीस साहाय्यकारिणी म्हटले आहे, हे आपले बंधू आवडीने सांगतात. परंतु साहाय्य घ्यावयाचे तर कोडे आधी तिच्यापुढे मांडावे लागते. आपल्या मंडळ्यांतील किती घरांत सोसायटीच्या कर्जाची वही रात्री दिव्यापाशी दोघांपुढे उघडली जाते? आणि तिने आकडा विचारला असता, “तुला काय कळते?” ह्यावाचून दुसरे उत्तर किती घरांत मिळते?