क्षमा मागणारा आवाज

ब्रह्मदेश आपल्या घरांना परका नाही. १९५४ च्या डिसेंबरात पूज्य बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. आज म्यानमार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच देशात १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि लोकांनी निवडलेले पुढारी कैदेत टाकले.

त्याविरुद्ध देश उठला, त्यात तरुण पुढे होते. रात्री घराघरांतून थाळ्या-भांडी वाजत आणि दिवसा मोबाईलवरून जगाला हकिकत कळे. लष्कराने आठवड्याच्या आत फेसबुक बंद केले, मग रात्रीचे इंटरनेट तोडले. कायदा बदलून अशा लिखाणाला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा ठेवली. शिपाई रस्त्यात अडवून मोबाईल तपासू लागले. तरीही मुले आडवाटेने बोलत राहिली. मंडाले येथे ३ मार्चला क्याल सिन ही १९ वर्षांची मुलगी गोळीला बळी पडली. आपला रक्तगट आणि मरणोत्तर देहदानाची इच्छा तिने आधीच फेसबुकवर लिहून ठेवली होती.

या धैर्यापुढे मान लवते. पण बंधुभगिनींनो, एक अवघड प्रश्न येथेच उभा राहतो.

याच फेसबुकवर काही वर्षांपूर्वी रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध विष पेरले गेले होते. पेरणाऱ्यांत चीवर पांघरलेलेही होते! ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराच्या अत्याचारामुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. द्वेष पसरविण्यास फेसबुक साधन ठरले, असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी मंडळाने २०१८ साली नमूद केले. त्या वेळी देशातील बहुसंख्य बौद्ध गप्प राहिले. कित्येकांनी लष्कराचेच म्हणणे खरे मानले.

तीच बंदूक २०२१ साली आपल्या दारात आली, तेव्हा अनेक तरुणांचे डोळे उघडले. काहींनी नावानिशी रोहिंग्यांची जाहीर क्षमा मागितली. १३ जून २०२१ रोजी हजारोंनी काळे कपडे घालून, त्यांच्या बाजूने आपली छायाचित्रे प्रसिद्ध केली.

कोणी म्हणेल, स्वतःला चटका बसल्यावर सुचलेला हा पश्चात्ताप, त्याची किंमत काय? आक्षेप खोटा नाही. क्षमेने जळलेले घर उभे राहत नाही. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने नाकारलेला हक्कही तिने परत मिळत नाही. निर्वासित आजही छावण्यांतच आहेत.

तरीही मी त्या क्षमेला पोकळ म्हणणार नाही. सरकार या लोकांना ‘बंगाली’ म्हणे, त्यांचे स्वतःचे नाव घेणेच टाळी. तरुणांनी ते नाव उच्चारले, ‘रोहिंग्या’ असे लिहिले. दुसऱ्यांनी लादलेल्या नावाने हाक मारली जाणे म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा! माणसाला त्याच्या नावाने हाक मारणे ही त्याला माणूस मानण्याची पहिली पायरी आहे.

सम्यक वाचेत खोटे, चहाडी, कठोर बोल आणि वायफळ बडबड वर्ज्य आहे. पण अन्याय दिसत असता धरलेले मौन निर्दोष कसे ठरेल? आपल्यावरील अन्यायाविरुद्ध ओरडणे धैर्याचे आहे. आपल्याच माणसांनी दुसऱ्यावर केलेला अन्याय कबूल करणे त्याहून कठीण आहे.

आपल्या मुलांच्याही हाती आता मोबाईल आहे. त्यावर आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी त्यांनी स्वतःला एवढे विचारावे : माझ्या या शब्दाने कोणाचे माणूसपण हिरावले तर जात नाही ना?