मशिनात राहिलेले २७ रुपये

गेल्या श्रावणात दुकानाची चिल्लर भरायला बँकेत गेलो. नाणी मोजायच्या मशिनात ओतायच्या आधी बघतो, तर बाजूच्या कप्प्यात कुणाची तरी २७ रुपयांची नाणी राहिलेली. "घ्या हो काका, कोण येतंय विचारायला?" कॅशियर म्हणाला.

घेतली खरी, पण खिशात ठेववेनात. गुरुवारी राधानगरीहून वाडीला गेलो नि महाराजांच्या दानपेटीत टाकून मोकळा झालो. आमच्या भोगावतीचं पाणीही पंचगंगेतून शेवटी तिथंच पोचतं की!

घरी सौ. म्हणाल्या, "दान कुणाचं झालं मग? तुमचं की त्या माणसाचं?"

उत्तर सुचेना. संगमात टाकलेलं नाणं भक्तानं आपल्या हातानं सोडलेलं असतं. हे तर राहून गेलेलं. १८७२ च्या करार कायद्यातलं ७१ वं कलमही सापडलेली वस्तू घेणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी टाकतं. भागवतात अवधूतांच्या चोवीस गुरूंत मध काढून नेणारा आहे. माशांनी साठवलेलं तो नेतो. पण तो धडा साठवणाऱ्यासाठी. नेणाऱ्याला त्यात मुभा दिलेली नाही, असं मला वाटतं.

पेटीतलं परत मागता येत नाही. म्हणून पदरचे २७ रुपये पाकिटात घातले, वर तारीख लिहिली आणि बँकेत दिले. कॅशियर हसला, पण ड्रॉवरमध्ये ठेवलं त्यानं. चिल्लर भरायला गेलो की विचारतो. अजून कुणी आलेलं नाही.